बायकांची सोय

"आजी, डायपर घातलंय ना? मग त्यातच करा."

मॅडमनी हे माझ्या कानात सांगितलं नाही. वृद्धाश्रमाच्या भरल्या हॉलमध्ये सांगितलं. पुढच्या रांगेत आम्ही म्हातारे लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीनं बसवलेले. आमच्या मागे रोह्यातली मानाची माणसं. स्टेजवर बॅनर, त्यावर मोठ्या अक्षरात 'ज्येष्ठांचा सन्मान'. माईक लावणारा माणूस हॅलो हॅलो करत होता, तो थांबला आणि हसला. मागच्या रांगेतली एक बाईही हसली. तिचं हसणं मी वळून पाहिलं नाही, पण ओळखीन अजून.

सकाळी चहा झाल्या झाल्या आम्हाला आणून बसवलं होतं. पाहुण्या बाई मुंबईहून यायच्या होत्या आणि वडखळला अडकल्या होत्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मला जायचंय." त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं आजी." पुन्हा म्हटलं. पुन्हा पाच मिनिटं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा हे ऐकवलं.

मी केलं. खोटं कशाला बोलू? दाबून धरायचं माझं वय नाही. संस्थेनं कार्यक्रमासाठी नेसवलेल्या साडीत, चारचौघांत बसून, समोरच्या बॅनरकडे बघत केलं. आधी गरम लागलं. मग गार. मग खाज.

पाहुण्या आल्या. मोठ्या घरच्या, वागायला गोड. एकेकाला शाल घालत, नारळ देत माझ्यापर्यंत आल्या. शाल घातली आणि पाया पडायला वाकल्या. वाकल्या तशा पटकन सरळ झाल्या. वास आला असणार. फोटोवाला म्हणाला, "मॅडम, परत एकदा." त्या म्हणाल्या, "राहू दे."

स्टेजवर जायच्या आधी त्या आमच्या मॅडमच्या कानाशी लागल्या. मी पुढच्याच रांगेत होते. मला नीट ऐकू आलं.

"इथे बायकांची सोय कुठाय हो?"

मॅडम स्वतः धावल्या. पाहुण्यांचा हात धरून नेलं. ऑफिसला लागून एक टाइल्सचा संडास आहे, त्याला कायम कुलूप असतं. आम्ही तो आतून कधी पाहिलेला नाही. त्याचं कुलूप निघालं. स्टेजवरचा निवेदक म्हणाला, "आपण थोडा वेळ थांबू या." सगळा हॉल थांबला. त्यांना कुणी पाच मिनिटं आजी म्हटलं नाही.

कार्यक्रम संपला, पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि शाली गोळा झाल्या. पुढच्या सत्काराला लागतात म्हणे. नारळ स्वयंपाकघरात गेले. माझं डायपर बदललं दुपारची जेवणं आवरल्यावर.

मी जोह्याची. पेणच्या एसटीनं हमरापूरच्या पुढं उतरायचं, आजूबाजूला भातशेती, आणि गावात शिरलं की दारोदारी गणपतीचे कारखाने. आमच्याकडे कारखाना म्हटलं की गणपतीचाच. नवरा लवकर गेला, पदरात मुलगा. मी आधी मूर्ती घासायला बसले, मग रंगाला, आणि शेवटी आखणीला. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळी मूर्ती रंगून झाली की सगळ्यात शेवटी डोळे. तिथं हात चुकला तर सगळ्यांची मेहनत पाण्यात. म्हणून आखणी कुणाच्याही हाती देत नाहीत. माझ्या हाती दिली होती आणि आमचे शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "हिच्या हातचा डोळा बघतो." मी हे फुशारकी म्हणून सांगतेय. फुशारकी मारायला आता माझ्याकडे दुसरं काय उरलंय?

तर कारखान्यातच पडले. शाडू भिजवतात तिथली जमीन ओली होती, पाय सरकला आणि खुबा मोडला. सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर मुलाला म्हणाले, "रोज चालवा यांना. धरून चालवा. नाहीतर पाय आखडेल."

कोण धरणार होतं? मुलगा रोह्याला केमिकल कंपनीत, त्याची शिफ्ट. सून तिथल्याच एका दुकानात उभी असते दिवसभर. त्यांची भाड्याची खोली वरच्या मजल्यावर, जिना असा की धडधाकट माणसानंही कठडा धरावा. जोह्याला मी एकटी. गावात नर्सबाई येते. गुणाची पोरगी आहे. गरोदर बायका बघते, पोरांना डोस देते. मी तिला म्हटलं, माझ्याकडं येशील का गो, जरा अंगणात फिरवशील? ती कानकोंडी झाली. म्हणाली, "मावशी, म्हातारी माणसं माझ्या कामात दिलेलीच नायत." गाईला टोचायला माणूस येतो आमच्या गावात. माझ्या पायासाठी कुणी यायची रीतच नव्हती.

शेजारणी आल्या चार दिवस. पुढं गणपतीचा हंगाम लागला. हंगामात जोह्यात कुणाला मरायलाही फुरसत नसते, मी त्यांना काय बोलू? मीही तशीच बसलेली असायचे ना एके काळी, खाली मान घालून.

मग एक दिवस मुलगा आला आणि म्हणाला, "आई, तुझी सोय केलीय."

सोय. हा शब्द मी जन्मभर वापरला. लग्नात पाहुण्यांच्या झोपण्याची सोय, पावसाळ्यात लाकडांची सोय. बाहेरगावी गेल्यावर आडून विचारायची ती बायकांची सोय. पण माणसाची सोय करतात, तेव्हा त्या माणसाला कुणी विचारत नाही हे मला तेव्हा कळलं. मुलाला मी दोष देत नाही. तो रडत होता. सून पिशवीत माझी औषधं भरत होती आणि तीही नाक ओढत होती. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांच्याकडे दुसरं काही असू नये अशीच ही सगळी मांडणी आहे, आणि माझा राग त्या मांडणीवर आहे.

रोह्याच्या या वृद्धाश्रमात मी वॉकर धरून, माझ्या पायांनी चालत शिरले होते. हे लक्षात ठेवा. पहिल्याच संध्याकाळी मॅडमनी वॉकर काढून घेतला आणि स्टोअररूममध्ये ठेवला. "पडलात तर आमच्यावर येतं, आजी." मग डायपर आणलं. मी म्हटलं, "मला कळतं मॅडम, मला हे नको. मला फक्त उठताना हात लागतो." त्या हसल्या. लहान पोराकडं बघून हसतात तशा. म्हणाल्या, "सगळ्यांनाच घालतो हो. तुमच्याच सोयीसाठी."

दुपारनंतर पाणी मागितलं की घोटभर मिळायचं. पाणी कमी तर भिजणं कमी. पायाचं म्हणाल तर पलंगावरून खुर्ची आणि खुर्चीवरून पलंग. खुबा जुळला होता, पण पाय आखडत चालला. डॉक्टर सांगून गेले होते तसाच.

कमल आमची मदतनीस. खांब गावाहून विक्रम रिक्षानं यायची. सगळ्या पलंगांना मिळून ती एकटी. एकाला भरवायचं, एकाला पुसायचं, एकाला कुशीवर वळवायचं, चादरी धुवायच्या. तिची कंबर माझ्याआधी जाणार हे मला दिसत होतं. मी तिला म्हटलं होतं, "मला संडासला ने गो, बाकी काय नको." ती म्हणाली, "मावशी, एकाला नेलं तर सगळी म्हणतील आम्हाला ने. मी एकटी किती जणांना उठवू? मला मेलीला सकाळपासून जाया भेटलं नाय." तिला सुद्धा. या घरात सोय फक्त कुलपात होती.

माझ्या शेजारच्या पलंगावर हलीमाबी. खाडीकाठच्या गावची. दोन्ही मुलगे आखातात, फोनवर रोज बोलतात, चेहरा दाखवतात. बाई तोंडाची फटकळ. आल्या दिवशीच मला म्हणाली, "गणपतीवाली काय तू? आमच्या घरासमोरून जायचे तुमचे ट्रक. एक तरी डोळा तुझा असंल."

तिचं एक मला कोडं होतं. तिच्या उशाशी जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, घडी करून ठेवलेली असे, पण ती नमाज पढत नसे. वेळ झाली की नुसती भिंतीकडं तोंड करून बसायची. एकदा मी विचारलं.

ती म्हणाली, "हे बांधलंय ना कंबरेला. ओलं. अंग पाक-साफ नसताना कशी उभी राहू गो?"

मी म्हटलं, "आजारी माणसाला सूट असंल की तुमच्यात."

"हाय ना. आजाऱ्याला हाय." तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "मी कुठं आजारी हाय? मला तिथवर नेणारं माणूस नाय, एवढाच माझा आजार. त्याला सूट कशी मागू?"

सत्काराच्या दिवशी, अंगावरची शाल काढून घेतलेली, मांड्या जळत असलेल्या, मी तिच्या पलंगाकडं तोंड करून पडले होते आणि तिला सगळं सांगितलं. तिला त्या दिवशी ताप होता म्हणून ती हॉलमध्ये नव्हती. पाहुण्यांनी विचारलेलंही सांगितलं. बायकांची सोय कुठाय. ती हसायला लागली. मीही हसले. हसता हसता मला रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. रडताना माझ्या डोक्यात एकच घुमत होतं, की तो शब्द त्या बाईनं विचारला आणि दार उघडलं. मी तेच मागितलं आणि मला चड्डी दाखवली. ती माणूस होती, मी बॅनरखालचं सामान होते.

मी म्हटलं, "हलीमा, उद्यापासून नाय घालायचं."

ती म्हणाली, "नाय घालायचं."

सकाळी कमल आली तेव्हा मी चादर घट्ट ओढून धरली. "नाय घालणार. नेणार असशील तर ने. नायतर इथंच पलंगावर होईल, मग चादर धू."

कमल माझ्या पायाशी बसली. "माझी नोकरी जाईल गो मावशी."

"तुझ्यावर नाय येणार. मॅडमना बोलव."

मॅडम आल्या. आधी गोड बोलल्या, मग चिडल्या. "आणि पडलात तर? जबाबदारी कुणाची?"

"तुमची," मी म्हटलं. "जबाबदारी घेतात, त्यालाच सांभाळणं म्हणतात ना?"

"असं असेल तर मुलाला बोलावते. घेऊन जाऊ दे तुम्हाला."

ही धमकी इथं सगळ्यांनाच देतात. म्हाताऱ्या माणसाला सगळ्यात मोठी भीती मुलाची अडचण होण्याची, आणि ती त्यांना पक्की ठाऊक असते. मी म्हटलं, बोलवा.

मुलगा शिफ्ट सुटल्यावर तसाच आला, अंगात कंपनीचा शर्ट. मॅडमच्या समोर खुर्चीवर टोकाशी बसला आणि मला म्हणाला, "आई, जरा ॲडजस्ट कर ना."

मला त्याचा राग आला. पहिल्यांदा आला. मी म्हटलं, "तू मशीनवर असतोस. तुला लागली तर काय करतोस रे?"

तो गोंधळला. "काय करणार? रिलिव्हर मागतो."

"म्हणजे काय?"

"म्हणजे आपल्या जागी उभं राहायला माणूस देतात. तो आल्याशिवाय पॅनल सोडता येत नाय, म्हणून कंपनीला द्यावाच लागतो."

"तुझा साहेब तुला डायपर घाल म्हणतो?"

तो मान खाली घालूनच मॅडमना म्हणाला, "मॅडम, कमलताईंना एक रिलिव्हर द्या ना. माझी आई चालते."

माझ्या पोराचं हे एक वाक्य मी जपून ठेवलंय. मॅडम म्हणाल्या की संस्था धर्मादाय आहे, तिला माणसं परवडत नाहीत. हॉलला नवीन पडदे त्याच महिन्यात लागले होते. माणूस मिळाला नाही. पण वॉकर स्टोअरमधून बाहेर आला. आमच्या दोघींचं डायपर बंद झालं, "तुमच्या जोखमीवर" असं बजावून. आणि बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं.

ते थोडे दिवस मला आठवतात. कमल धापा टाकत यायची, एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं हलीमाला उठवायची, आणि आम्ही दोघी पाय ओढत बोळातून जायचो. संडासात धरायला दांडी नाही, जमीन कायम ओली, पण दार लावून एकटीनं बसायला मिळायचं. ज्याला ते रोज मिळतं त्याला त्याची किंमत कळायची नाही. हलीमाबी हातपाय धुऊन खुर्चीवर बसून नमाज पढायला लागली. मी पलंगावरून ऐकायचे. मला त्यातला शब्द कळत नव्हता, पण तिचा आवाज बदलला होता. तो मालकिणीचा आवाज होता.

मग एका दुपारी ती पडली.

कमल पलीकडच्या खोलीत एका लुळ्या पडलेल्या आजोबांना भरवत होती. हलीमानं हाक मारली. मी मारली. कमलनं तिकडून सांगितलं, आले गो, त्यांच्या तोंडात घास हाय. तिला आता थांबवेना. हलीमा भिंत धरून निघाली. मी वॉकर धरून उभी राहीपर्यंत ती बोळात पोचली, जाऊन, हातपाय धुऊन परतही फिरली, आणि दाराच्या उंबऱ्याशी त्या ओल्या लादीवर घसरली. मनगट मोडलं. तो आवाज मला पलंगाशी ऐकू आला.

मॅडम धावत आल्या. डॉक्टरला फोन केला आणि मग तिथंच, हलीमा जमिनीवर असतानाच, माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "बघितलंत? म्हणूनच सांगत होते."

सगळे पलंग माझ्याकडं बघत होते. त्या बायकांचीही नजर तीच, हिनं पाडली म्हणून. मुलाचा फोन आला संध्याकाळी. "आई, आता तरी ऐक." सगळ्यांनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं. मी नाही ठरवलं. हलीमा माझ्यामुळं पडली नाही. जिथं हाताला दांडी हवी तिथं दांडी नव्हती म्हणून पडली. जिथं दुसरं माणूस हवं तिथं नवीन पडदे होते म्हणून पडली. मी हे मॅडमना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं हे, आजी."

हाताला प्लास्टर घालून हलीमाला परत आणलं आणि पुन्हा डायपर बांधलं. आता एका हातानं तिला ते सोडताही येत नाही. मी तिच्या उशाशी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं ती मला बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

ती छताकडं बघत म्हणाली, "पडले खरी. पण पाक पडले गो."

मग तिनं भिंतीकडं तोंड केलं.

आता पुन्हा कार्यक्रम आहे. कुणीतरी मोठे पाहुणे यायचेत. मॅडम परवा माझ्याशी गोड बोलायला आल्या. या वेळी पाहुण्यांना गणपतीची छोटी मूर्ती भेट द्यायची आहे, आणि आपल्याकडं जोह्याच्या कलाकार आजी आहेत, तर त्यांनी स्टेजवर सगळ्यांसमोर डोळे काढायचे. किती छान दिसेल. व्हिडिओ पण काढू. डायपर मात्र घालावं लागेल हं आजी, कार्यक्रम लांबतो.

आखणीला मी हो म्हटलं. डायपरला नाही. त्या म्हणाल्या, बरं बरं, बघू. स्टेजवर जाईपर्यंत मी ऐकेन असं त्यांना वाटतंय.

मी जाणार. ब्रश हातात घेणार आणि दोन्ही डोळे नीट काढणार, कारण कामाशी माझं भांडण नाही. मुलगा येणार आहे, त्यानं शिफ्ट बदलून घेतलीय. आजवर सारखा 'आई, जरा हळू बोल' म्हणायचा. या वेळी म्हणाला नाही. नर्सबाईला निरोप धाडलाय, जोह्याच्या ग्रामसभेला तूही ये म्हणून. त्या सभेला मी जाणार आहे, वॉकर घेऊन, आणि विचारणार आहे की गावात म्हाताऱ्या माणसांच्या दारात यायला माणूस का नाही. तिथं उत्तर नाही मिळालं तर पेणच्या कचेरीत. ज्यांनी जन्मभर खाली बसून मूर्ती घासल्या, त्यांचे गुडघे आता कुणाच्या कामात दिलेले आहेत, हे मला तिथं कुणीतरी सांगावं लागेल.

पण आधी इथं. शाल घेऊन पाहुणे माझ्याकडं वळले की मी खांदा मागे घेणार आणि माईक मागणार. मागच्या पाहुण्यांच्याच शब्दांत विचारणार. "इथं बायकांची सोय कुठाय?"

मग पलंगावर पडलेल्या हलीमाबीला न्यायला कुणीतरी उठेपर्यंत मी खाली बसणार नाही. तोवर कार्यक्रम थांबेल. त्या बाईसाठी थांबला होता, तसाच थांबेल.